आपल्या कंपाउंडमधलं पाणी : पंचवीस वर्षांचा हिशेब

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा बरेचसे विषय वाटून झालेले होते. गणेशोत्सव, कोजागिरी, मुलांचं क्रिकेट आणि फुटलेल्या काचा, लिफ्ट बदलली त्याची हकिगत, सगळ्यांना लेखक मिळाले होते. माझ्या वाट्याला पाणी आलं. प्यायचं नव्हे, ते बी विंगवाले लिहिणार आहेत. माझं पाणी तुंबायचं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, आयुष्यभर साइटवर उभा राहिलेला माणूस. शिवाय सोसायटीचा सुरुवातीच्या वर्षांतला सेक्रेटरी. त्यामुळे या विषयात जे बरं झालं त्यात माझा हात आहे आणि जे वाईट झालं त्यात जरा जास्तच आहे.

मीटर रूमच्या दाराआड भिंतीवर पेन्सिलीच्या सात रेघा आहेत. प्रत्येक रेघेपुढे तारीख. नव्या सभासदांना वाटतं की कुणीतरी मुलांची उंची मोजलेली आहे. ती पाण्याची उंची आहे. सर्वांत वरची रेघ २६ जुलै २००५ ची. त्या दिवशी मी ती मोजली तेव्हा जमिनीपासून चार फूट दोन इंच होती. आज टेप लावलात तर दोन फूट आठ इंच भरेल. रेघ खाली आलेली नाही, जमीन वर गेली आहे. ती वर कशी गेली आणि त्याने काय झालं, हीच आपली खरी गोष्ट आहे.

२६ जुलैबद्दल सगळ्यांनी इतकं ऐकलंय की पुन्हा सांगायला संकोच वाटतो. तरी ज्यांचा जन्मच त्यानंतरचा आहे अशी मुलं आता सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला मोजला गेला ७३ मिलिमीटर. म्हणजे दक्षिण मुंबईतल्या ऑफिसांत बसलेल्या आपल्या माणसांना वाकोल्यात काय चाललंय याची कल्पनाच नव्हती. आपला प्लॉट साधारण २,००० चौरस मीटरचा. नुसत्या आपल्या प्लॉटवर त्या दिवशी आभाळातून जवळजवळ १९ लाख लिटर पाणी पडलं. बाहेरून आत आलं ते वेगळंच.

तळमजल्यावर ए विंगमध्ये तेव्हा चार कुटुंबं होती. जोतं दोन फूट उंच, त्यामुळे घरात पाणी सव्वादोन फूट. संध्याकाळी साडेसहाला मेन स्विच बंद केला. तळमजल्यावरच्या काकूंना खुर्चीत बसवून चौघांनी दुसऱ्या मजल्यावर नेलं. त्या हातात देवघरातला बाळकृष्ण आणि गॅसचं कार्ड घेऊन बसल्या होत्या. रात्रभर आम्ही जिन्यात बसून होतो आणि करायला काहीच नव्हतं म्हणून मी पायऱ्या मोजत होतो. पाणी कुठल्या पायरीला आहे ते दर अर्ध्या तासाने मेणबत्तीच्या उजेडात बघायचं आणि जुन्या बिलाच्या मागे लिहायचं.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती मला तिथल्या तिथे खटकली होती. रात्री साडेआठनंतर, पाऊस चांगला पडत असताना, पाणी उतरायला लागलं. साडेदहापर्यंत पाऊण पायरी खाली. आणि पहाटे, पाऊस बराच कमी झाल्यावर, ते पुन्हा अर्धी पायरी चढलं. जिन्यातले सगळे म्हणाले, वरून कुठून तरी पाणी सोडलं असेल. मी मात्र मनात तास मोजले. दुपारी चारच्या सुमारास मोठी भरती होती, साडेचार मीटरची. म्हणजे रात्री दहाच्या आसपास ओहोटी आणि पहाटे चारला परत भरती. आमच्या जिन्यातलं पाणी पावसाच्या तालावर चाललं नव्हतं. ते समुद्राच्या तालावर चाललं होतं.

हे माझ्या लक्षात आलं त्यात माझी हुशारी नाही. माझं गाव अलिबाग तालुक्यात, खारेपाटात. तिथे हे पोरासोरांना कळतं.

खारेपाट म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली भाताची जमीन. शेताची पातळी भरतीच्या पाण्याहून खाली. मध्ये फक्त मातीचा बांध. भरती आत आली तर शेत खारं होतं आणि पुढची दोन-तीन वर्षं भात नाही. पण नुसतं बाहेरचं पाणी अडवून भागत नाही, कारण पावसाळ्यात आभाळातलं पाणी आत पडतच असतं आणि त्याला बाहेर जायला वाट हवी. त्यासाठी बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. दगडी मोरी, आणि तिला खाडीच्या बाजूने वरून बिजागरीवर टांगलेलं लाकडी दार. भरती आली की खाडीचं पाणी दार आत ढकलून घट्ट बसवतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दार बाहेर ढकलतं आणि वाहून जातं. ना माणूस लागतो, ना वीज. माझे आजोबा म्हणायचे, उघाडीला चंद्राचा पगार आहे.

आजोबांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. तेव्हा ती मला इतकी साधी वाटली की मी ती विसरलो. उघाडीच्या आतल्या बाजूला शेताचा सर्वांत खोलगट तुकडा पडीक ठेवलेला असायचा. त्यात भात लावायचं नाही. मी विचारलं, एवढी जमीन फुकट का घालवायची? ते म्हणाले, भरतीला दार बंद असतं, त्या सहा तासांत पाऊस पडला तर पाण्याने बसायचं कुठे? तो तुकडा पाण्याला बसायला होता. त्यात जिताडे पोसायचे, म्हणजे अगदीच फुकटही नव्हता.

बांधाची राखण गावकीने व्हायची. तिला जोळ म्हणत. चिंबोऱ्या आणि उंदीर बांधाला भोकं पाडतात, उधाणाच्या भरतीला भोकाची खांड होते, आणि खांड पडली की रात्री हाळी उठायची आणि घरटी एक माणूस चिखलात उतरायचा. ज्याचं शेत दूर आहे तोही. बांध कुठेही फुटला तरी पाणी सगळ्यांच्याच शेतात येणार. पुढे १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, बांधांची कामं सरकारकडे गेली, आणि घरटी माणूस उतरणं हळूहळू बंद पडलं. सरकारने कामं केली नाहीत असं मी म्हणत नाही. पण रात्री हाळी उठल्यावर कार्यालय चिखलात उतरत नाही. (ज्यांनी हे बांध पिढ्यानपिढ्या राखले त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नावावर जमीन नव्हती. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे जाऊन १९३३ पासून सहा वर्षं शेत पेरलंच नाही, तो संप याच खारेपाटातला. तो वेगळा विषय आहे, पण बांधाचं बोलताना तो मनात येतोच.)

आता आपल्या पाण्याकडे येतो. आपल्या कंपाउंडमध्ये पडलेला थेंब कुठे जातो हे मी दरवर्षी बिल्डिंगमधल्या शाळकरी मुलांना विचारतो. "गटारात" यापुढे उत्तर जात नाही. तो जातो मागच्या चेंबरमधून वाकोला नाल्यात. नाला जातो मिठीला. मिठी निघते विहारच्या सांडव्यावरून, पुढे तिला पवईचं पाणी मिळतं, आणि १७-१८ किलोमीटर वाहून ती माहीमच्या खाडीतून समुद्राला लागते. विहारचा तलाव १८६० चा. मुंबईला नळाने पाणी देण्यासाठी बांधलेला. म्हणजे शहराच्या पिण्याच्या पाण्याचं जे वरचं टोक, तेच तुंबणाऱ्या पाण्याचंही वरचं टोक आहे.

या वाटेवर पाण्याला बसायच्या जागा किती होत्या हे जुने नकाशे बघितले की कळतं. साष्टीचा दक्षिण भाग म्हणजे खाजण, तिवरं, मिठागरं आणि भातशेती. खार हे स्टेशनचं नावच काय सांगतं? मुंबई बेटावरही तेच होतं. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून समुद्र आत शिरायचा, तो अडवायला गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात बांध घातला, १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला. बांध पुन्हापुन्हा ढासळत होता आणि समुद्रातून देवीच्या मूर्ती वर काढल्यावरच तो टिकला, ही महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. देवीच्या मूर्तीवर माझी श्रद्धा आहे. पण बांध टिकल्यावर आतल्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न मुंबईला तेव्हापासून जो लागला तो आजतागायत सुटलेला नाही. पुढे १८४५ साली माहीम आणि वांद्र्याला जोडणारा कॉजवे झाला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंनी त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले. दळणवळणाची मोठी सोय झाली. मिठीचं तोंड मात्र तेव्हापासून पुलाच्या गाळ्यांएवढं.

मग विमानतळ वाढला. मिठी धावपट्टीखालून काढली गेली आणि तिला काटकोनात वळणं मिळाली. नदी वळते ती कमरेत वाकून वळते. काटकोनात वळायला लावलं की ती तिथे थांबते, गाळ टाकते आणि मागे फुगते. साइटवर आम्ही दोन इंची पाइपलासुद्धा शक्यतो काटकोनी बेंड देत नाही, दोन पंचेचाळीसचे देतो. आणि शेवटी वांद्रे-कुर्ला संकुल. मिठी, वाकोला नाला आणि माहीमची खाडी यांच्या दोन्ही अंगांची सखल दलदल. १९७७ पासून तिथे संकुल उभारायचं ठरलं, एकूण ३७० हेक्टर. भराव पडला, काचेच्या इमारती आल्या, आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या ऑफिसांवर चालते, माझ्या मुलाचीही. पण ती दलदल म्हणजे आजोबांच्या उघाडीमागचा पडीक तुकडा होता. तो भरल्यावर पाणी बसायला वर सरकलं. वर म्हणजे कुर्ला, कलिना, वाकोला.

गटारांचा हिशेबही बघण्यासारखा आहे. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली. त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरलेलं, आणि समुद्राला ओहोटी असेल असंही धरलेलं. बांधणाऱ्यांची चूक नव्हती. त्यांच्या काळात जमीन मातीची होती. आपल्या प्लॉटपुरतं गणित केलं तर २,००० चौरस मीटरवर ताशी २५ मिलिमीटर म्हणजे ५० हजार लिटर, निम्मं मुरलं, राहिलं २५ हजार. १९९३ साली ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल आला. त्याने सांगितलं की ताशी ५० मिलिमीटर धरा आणि सगळं पाणी वाहून येणार असं धरा, कारण मुरायला माती उरलेली नाही. त्याच प्लॉटवर आता १ लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर तासाला दहा. चौपट. अहवाल बरीच वर्षं पडून राहिला आणि २६ जुलैनंतर सगळ्यांना आठवला. त्याच ऑगस्टमध्ये मिठीसाठी वेगळं प्राधिकरण झालं, डॉ. माधवराव चितळ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मार्च २००६ मध्ये तिचा अहवाल आला.

मी तो मिळवून वाचला. त्यातला एक आकडा मी कधी विसरणार नाही. मुंबईचं पावसाळी पाणी समुद्रात, खाडीत सोडणारी १८६ तोंडं आहेत. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीखाली. १३५ त्याच्या वर पण भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वर फक्त ६. म्हणजे भरतीच्या वेळी १८६ पैकी १८० तोंडांना समुद्र स्वतःच बूच लावतो. मग गटार कितीही रुंद करा आणि गाळ कितीही काढा. गाळ काढायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण गटाराची ताकद त्याच्या पोटात नसते, तोंडाशी असते. त्यामुळे ब्रिमस्टोवॅडने आठ ठिकाणी मोठी पंपिंग स्टेशनं सुचवली होती. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा झाली. आपल्या वाकोल्याचं पाणी यांतल्या एकाच्याही वाट्याला येत नाही. ते मिठीतून जातं.

हे सगळं मला २००६ च्या मार्चमध्ये माहीत होतं. आणि तरीही त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी जे केलं ते केलं.

जनरल बॉडीत एकच मागणी होती, कंपाउंड उंच करा. शेजारच्या दोन सोसायट्यांनी केलं होतं, रस्ताही डांबरावर डांबर चढून वर आला होता. दीड फूट भराव, त्यावर पेव्हर ब्लॉक, भिंतीपासून भिंतीपर्यंत. बाग आधी मातीची होती, तीही वर घेतली. मागच्या चेंबरला नाल्याच्या बाजूने लोखंडी झडप बसवली. ती माझी कल्पना. उघाडीच ती. सभेत मी आजोबांची गोष्ट सांगितली, टाळ्याही मिळाल्या. तळमजल्याची चार घरं तेवढी विरोधात होती. त्यातले एक सभासद उभे राहून म्हणाले, "आमचं जोतं दोन फुटांचं, तुम्ही दीड फूट भराव घालताय, आमच्याकडे सहा इंच उरतात. आम्हाला खड्ड्यात घालताय का?" मी फळ्यावर लेव्हल काढून त्यांना समजावलं की झडप असल्यामुळे बाहेरचं पाणी येणारच नाही. चार विरुद्ध एकतीस मतांनी ठराव मंजूर झाला. इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे.

२००६ च्या जुलैत, उधाणाच्या दिवसांत, रात्री दोन तास जोराचा पाऊस लागला. २६ जुलैच्या मानाने काहीच नाही. झडपेने तिचं काम चोख केलं, नाल्याचं पाणी एक थेंब आत येऊ दिला नाही. आणि आपल्या प्लॉटवर पडलेलं पाणी तिने बाहेरही जाऊ दिलं नाही. मुरायला माती नाही, बसायला खोलगट जागा नाही. सपाट पेव्हरवर ते सगळीकडे सारखं पसरलं, सहा इंचांचा उंबरा ओलांडला आणि ए विंगच्या चारही घरांत शिरलं. वर्षभरापूर्वी त्यांच्याकडे पाणी आलं होतं ते आभाळ फाटल्यामुळे. या वेळी आलं ते माझ्यामुळे.

ते निस्तरत होतो तेवढ्यात गेटवर आवाज झाला. मागच्या चाळीतल्या बायका. पाचसहाजणी, एकीच्या कडेवर मूल, सगळ्या कमरेपर्यंत भिजलेल्या. त्यांना भांडायचं नव्हतं. एकीने एवढंच विचारलं, "भाऊ, आमचं पाणी आधी तुमच्याकडून जायचं, आज जात नाही. काय केलंत?"

काय केलं होतं ते मला उभ्या जागी कळलं. मागच्या भिंतीला तळाशी बिल्डरने चार भोकं ठेवली होती. चाळीच्या गल्लीतलं पाणी त्यातून आपल्या कंपाउंडमध्ये यायचं आणि आपल्या चेंबरमधून नाल्यात जायचं. आम्हाला त्याचा राग होता, त्यांची घाण आपल्याकडे येते म्हणून. भराव टाकताना ती भोकं दीड फूट मातीखाली गेली. ड्रॉइंगवर ती नव्हतीच, मी साइटवर बघितली होती आणि बंद होऊ दिली होती. त्यांची जमीन आपल्या जुन्या जमिनीहूनही थोडी खाली. बावीस खोल्या, प्रत्येकीत गुडघाभर पाणी. त्या रात्री आपल्या वॉचमनने कुणाला न विचारता पहार घेतली आणि भिंतीला भगदाड पाडलं. नंतर कमिटीतल्या काहींनी त्याच्या पगारातून वसुलीची भाषा केली होती. तो ठराव आला नाही, हे त्या कमिटीच्या बाजूने नमूद करतो.

त्या रात्री जिन्यात बसून मला आजोबांचा पडीक तुकडा आठवला. मी उघाडीचं दार तेवढं उचलून आणलं होतं. दारामागची जागा आणली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्ती केली. ती आज तुम्ही रोज बघता, पण का आहे ते बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाग कंपाउंडपेक्षा सहा इंच खाली आहे ती माळ्याची चूक नाही. ३०० चौरस मीटर गुणिले पंधरा सेंटिमीटर, ४५ हजार लिटर पाणी तिथे बसतं. पेव्हरचा उतार दर शंभर फुटांना एक फूट, आणि तो बागेकडे आहे, गेटकडे नाही. बागेखाली मागच्या कोपऱ्यात टाकी आहे, सहा मीटर बाय चार बाय एक मीटर ऐंशी, म्हणजे आणखी ४३ हजार लिटर. दोन्ही मिळून ८८ हजार. ताशी ५० मिलिमीटरच्या पावसात हे पन्नासेक मिनिटांत भरतं. झडप तीन तास बंद राहिली तर पुरत नाही, हे मी तेव्हाच्या सभेतही सांगितलं होतं. त्यासाठी पाच हॉर्सपॉवरचा पंप आहे. नाला काठोकाठ नसेल तेव्हा तो झडपेवरून पाणी बाहेर टाकतो. नाला काठोकाठ असेल तर मात्र बसून राहायचं. पण एरवीच्या पावसाळ्यात, मोजून सांगतो, २००७ नंतर तळमजल्यात पाणी शिरलेलं नाही. भिंतीवरच्या उरलेल्या रेघा सगळ्या उंबऱ्याखालच्या आहेत.

मागच्या भिंतीत आता चार भोकांऐवजी एक फूट रुंदीची जाळीदार मोरी आहे आणि चाळीचं पाणी भूमिगत पन्हळीने आपल्या टाकीत येतं. त्या कामाचा खर्च दोन तृतीयांश आपण आणि एक तृतीयांश चाळीने दिला. चाळीच्या प्रत्येक खोलीने हप्त्याने पैसे दिले आणि एकही हप्ता चुकला नाही. तेव्हा आपल्या मेंटेनन्सची थकबाकी किती होती ते लिहीत नाही, समारंभाचे दिवस आहेत. जाळी साफ करायला दरवर्षी मेमध्ये दोन्हीकडची मुलं उतरतात. नंतर भजी असतात. मुलांना भजी माहीत आहेत, मोरी का आहे ते माहीत नाही, चालायचंच.

हिंदमाताला आता मैदानाखाली आणि उद्यानाखाली मोठ्या टाक्या बांधल्यात. भरती असेपर्यंत पाणी त्यात साठवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. पेपरात ते वाचलं तेव्हा मी कात्रण काढून नोटीस बोर्डावर लावलं. दोन दिवसांनी त्यावर कुणीतरी हरवलेल्या मांजराची जाहिरात लावली.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण असं की पुढच्या जनरल बॉडीच्या विषयपत्रिकेवर बाग पेव्हर करून तिथे स्टॅक पार्किंग करण्याचा प्रस्ताव आहे. गाड्यांची अडचण खरी आहे. माझ्या मुलाची गाडीही बाहेर रस्त्यावर असते आणि दोनदा टो होऊन गेली आहे. प्रस्ताव मांडणारे तरुण सभासद कष्टाळू आहेत, त्यांनी नकाशा चांगला काढलाय. त्या नकाशात बाग सहा इंच वर घेतलेली आहे, "समतल" असा शब्द आहे. त्यात ४५ हजार लिटर जातात. टाकी तशीच ठेवली तर राहतात ४३ हजार, आणि त्यात चाळीचंही पाणी येतं. हे मी त्यांना घरी बोलावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, पार्किंगखाली तेवढीच आणखी एक टाकी केली तर? करता येईल. खर्च येईल. त्याचा अंदाज मी वेगळ्या कागदावर दिलेला आहे आणि तो सभेत वाचला जावा अशी विनंती आहे. मी तेव्हा मत देताना तळमजल्याच्या चार घरांकडे बघीन, एवढं आत्ताच सांगतो. त्यातलं एक घर अजून काकूंच्याच कुटुंबाचं आहे.

रौप्यमहोत्सवाच्या रंगकामात मीटर रूमही आहे. दाराआडचा दीड फूट रुंदीचा पट्टा सोडायला रंगाऱ्याला सांगितलं आहे, तो विसरला तर कृपया कुणीतरी आठवण करावी. झडपेच्या बिजागरीला ग्रीस मेच्या शेवटच्या आठवड्यात लावायचं. त्याआधी दार हाताने उचलून बघायचं, प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली असतेच. चेंबरची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये, कॅलेंडरमागच्या खिळ्याला. भरतीचं वेळापत्रक त्याच कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेलं असतं. यंदाचं जुलैपर्यंतचं लिहून झालं आहे.